गॅस टर्बाइन इंजिनातील इंधन नोझल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान देखभालीचे विद्यार्थी, वीज केंद्रांतील कर्मचारी आणि निव्वळ कुतूहलापोटी लिहिणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकाखाली घेतले असून, जेथे एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंधन नोझल नेमके काय करते? मोटारीच्या इंजेक्टरसारखेच ते असते का?

दोन्ही इंधन फवारतात, साम्य तेवढेच. मोटारीचा इंजेक्टर ठरावीक क्षणी उघडतो, मोजके इंधन सोडतो आणि बंद होतो. गॅस टर्बाइनमध्ये ज्योत एकदा पेटली की इंजिन बंद करेपर्यंत ती अखंड जळत राहते, त्यामुळे नोझललाही अखंड फवारत राहावे लागते. त्याच्याकडून तीन कामांची अपेक्षा असते. इंधनाचे बारीक थेंब करायचे, ते ज्वलनकक्षात योग्य कोनात पसरवायचे आणि शेजारच्या प्रत्येक नोझलइतकाच वाटा उचलायचा. जुन्या पिढीच्या एअरबस ए३२० विमानांवर आणि बोईंग ७३७ वर असलेल्या सीएफएम५६ इंजिनात वर्तुळाकार ज्वलनकक्षाभोवती सहसा २० नोझल बसवलेली असतात. या विसांतील समानता हा विषय अभ्यासक्रमात दोन ओळींत संपतो. प्रत्यक्षात इंजिनाचे सर्वांत महागडे नुकसान तेथूनच सुरू होते, म्हणून प्रश्न ११ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले आहे.

२. थेंब इतके बारीक कशासाठी लागतात?

द्रवरूप इंधन जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्वलनकक्षात हवा काही मिलिसेकंदच थांबते आणि तेवढ्या वेळात थेंबाची वाफ होऊन, ती हवेत मिसळून, जळून जायला हवी. एक मिलिमीटर व्यासाचा एक थेंब फोडून ५० मायक्रॉनचे थेंब केले तर त्यांची संख्या ८,००० होते आणि एकूण पृष्ठभाग वीसपट होतो. शिवाय थेंबाची वाफ होण्यास लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्यास निम्मा झाला की वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. फवाऱ्यात सगळे थेंब सारखे नसतात, म्हणून त्याची बारीकता सांगताना ‘साउटर सरासरी व्यास’ वापरतात. संपूर्ण फवाऱ्याचे घनफळ आणि पृष्ठभाग यांचे जे गुणोत्तर असते तेच गुणोत्तर असलेल्या थेंबाचा हा व्यास होय.

थेंब जितके बारीक तितके चांगले, असे मात्र नाही. फार बारीक थेंबांत पुढे जाण्याचा जोर उरत नाही. ते नोझलच्या तोंडापाशीच घुटमळतात आणि तेथे इंधन जास्त, हवा कमी अशी स्थिती होऊन काजळी धरते.

३. नोझलचे मुख्य प्रकार किती?

द्रव इंधनापुरते बोलायचे तर चार कुळे मानावीत. पहिल्या कुळात इंधनाच्या स्वतःच्या दाबावर फवारा तयार होतो (प्रश्न ४ आणि ५), दुसऱ्यात वेगवान हवा इंधनाला फोडते (प्रश्न ६), तिसऱ्यात तापलेल्या नळीत इंधनाची वाफ केली जाते (प्रश्न ७) आणि चौथ्यात फिरत्या चकतीवरून इंधन भिरकावले जाते (प्रश्न ८). वायुरूप इंधनाची आणि आधीच हवा मिसळून देणारी नोझल यांचा विचार प्रश्न ९ आणि १० मध्ये केला आहे. आजच्या बहुतेक मोठ्या विमान इंजिनांत पहिल्या दोन कुळांचा कोणता ना कोणता संकर असतो.

४. सिम्प्लेक्स नोझल सगळ्यांत सोपे, तर मग तेच सगळीकडे का वापरत नाहीत?

शेतातील पाठीवरच्या फवारणी पंपाचे तोंड ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना सिम्प्लेक्स नोझल लगेच समजेल. इंधन तिरप्या छिद्रांतून एका छोट्या गोल कोठीत शिरते, तेथे गरगर फिरते आणि पुढच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना पोकळ शंकूच्या आकारात पसरते. भोवऱ्याच्या मधोमध हवेचा गाभा असतो, म्हणून शंकू आतून पोकळ राहतो. पातळ पडद्यासारखी ही इंधनाची चादर पुढे फाटते आणि तिचे थेंब होतात.

अडचण वर्गमुळाची आहे. छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे प्रवाह दहापट हवा असेल तर दाब शंभरपट करावा लागतो. इंजिन मंद गतीवर असताना २ बार दाब पुरत असेल, तर दहापट इंधन देण्यासाठी २०० बार लागतील. उलट बाजूने पाहिले, तर २०० बारला नेमके बसणारे छिद्र घेतल्यास सुरू करतानाचा दाब इतका कमी पडतो की शंकू तयारच होत नाही. दाब हळूहळू वाढवत गेल्यास चाचणी-मेजावर हे डोळ्यांनी पाहता येते. आधी वेडीवाकडी धार, मग कांद्यासारखा फुगा, मग ट्युलिपच्या फुलासारखा आकार आणि शेवटी खरा शंकू. नोझलचे पुढचे बहुतेक प्रकार या एका अडचणीची वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि म्हणून कोणतेही नोझल अभ्यासताना ते इंजिन सुरू होताना कसे वागते हे आधी विचारावे असे मी सुचवतो.

सिम्प्लेक्स आजही वापरात आहे. भारतीय हवाई दलाच्या पिलाटस पीसी-७ मार्क २ प्रशिक्षण विमानांवर आणि सेस्ना कॅरव्हॅनवर असलेल्या पीटी६ए इंजिनात १४ सिम्प्लेक्स नोझल असतात. ती दोन गटांत विभागलेली असतात. सुरू करताना फक्त प्राथमिक गटाला इंधन मिळते, त्यामुळे कमी प्रवाहातही त्या मोजक्या नोझलना पुरेसा दाब राहतो, आणि वेग वाढल्यावर प्रवाह-विभाजक दुसरा गट उघडतो.

५. डुप्लेक्स आणि ड्युअल-ओरिफिस ही एकाच नोझलची दोन नावे आहेत का?

बोलताना बरेच जण तसे वापरतात आणि काही उत्पादकांच्या पुस्तिकांतही फरक पाळलेला दिसत नाही, पण रचना दोन आहेत. काटेकोर अर्थाने डुप्लेक्समध्ये भोवऱ्याची कोठी एकच आणि बाहेर पडण्याचे छिद्रही एकच असते, फक्त कोठीत शिरणाऱ्या छिद्रांचे दोन संच असतात. कमी प्रवाहात लहान संच चालतो आणि दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की झडप उघडून मोठा संच जोडला जातो. ड्युअल-ओरिफिसमध्ये एका सिम्प्लेक्सभोवती दुसरे सिम्प्लेक्स बसवलेले असते. आतल्या लहान छिद्रातून प्राथमिक इंधन, बाहेरच्या कंकणाकृती छिद्रातून मुख्य इंधन. नोझल हातात असेल तर तोंडाशी एक छिद्र आहे की एकात एक अशी दोन, हे पाहून ओळख पटते.

दुसऱ्या रचनेत एक नाजूक क्षण असतो. मुख्य मार्ग नुकताच उघडतो तेव्हा त्यातील दाब अत्यल्प असल्यामुळे बाहेरचा फवारा जाड थेंबांचा होतो आणि तेवढ्या पट्ट्यात ज्वलन काहीसे बिघडते. त्यामुळे हा क्षण इंजिनाच्या नेहमीच्या चालण्याच्या वेगाजवळ येऊ नये अशी काळजी रचनाकार घेतात.

या घराण्याचा पूर्वज ब्रिटनमधील आहे. फ्रँक व्हिटल यांचे पहिले जेट इंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे चालले, पण स्थिर ज्वलन साधण्यात पुढची काही वर्षे गेली. इंधनाची आधी वाफ करून ती जाळण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले, आणि १९४० मध्ये शेल कंपनीच्या आयझॅक लबॉक यांनी फवारा देणारा बर्नर पुढे आणल्यावर काम मार्गी लागले. पुढे लबॉक यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या नोझलमध्ये स्प्रिंगवरचा दट्ट्या दाबानुसार सरकून छिद्रांचे क्षेत्र कमी-जास्त करीत असे. कल्पना सुरेख होती, परंतु इंधनातील कचऱ्याने दट्ट्या अडकत असे, आणि म्हणून हलता भाग नोझलच्या बाहेर नेणारे डुप्लेक्स पुढे रूढ झाले.

६. एअरब्लास्ट नोझलमध्ये नवे काय आहे?

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक चित्र न काढता सांगता येईल. पाठीवरचा पंप औषधाला दाब देऊन फवारतो, तर ट्रॅक्टरमागचा ब्लोअर वाऱ्याच्या झोतावर औषध चढवतो. एअरब्लास्ट नोझल ब्लोअरच्या तत्त्वावर चालते. ज्वलनकक्षाच्या भिंतीच्या आत-बाहेर दाबात जो थोडा फरक असतो, त्यावर कंप्रेसरमधील हवा नोझलमधून सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने जाते. इंधन आधी एका कडेवर पातळ थरात पसरवले जाते आणि त्या थराच्या दोन्ही बाजूंनी फिरती हवा जाऊन त्याचे थेंब करते.

यात दोन लाभ आहेत. इंधनाला भारी दाब द्यावा लागत नाही, त्यामुळे पंप हलका होतो आणि वर्गमुळाची अडचण पुष्कळशी सुटते. दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. थेंब जन्मतःच हवेत मिसळलेले असल्याने काजळी खूप कमी होते आणि ज्योतीचा भिंतीवर पडणारा प्रखर पिवळा उजेडही घटतो. त्याने ज्वलनकक्षाची भिंत कमी तापते.

उणीव सुरू करताना दिसते. इंजिन अजून हळूच फिरत असते, हवेला पुरेसा वेग नसतो आणि म्हणून फवारा जाड होतो. त्यामुळे अनेक एअरब्लास्ट नोझलच्या मधोमध एक लहान सिम्प्लेक्स ठेवतात. उंचावर इंजिन विझल्यास पुन्हा पेटवतानाही हेच उपयोगी पडते, कारण तेथे हवा विरळ आणि इंधन थंड, म्हणून घट्ट असते. जेट ए-१ इंधनाची चिकटता उणे २० अंश सेल्सिअसला ८ सेंटिस्टोकपेक्षा जास्त नसावी, ही मर्यादा अशाच परिस्थितीसाठी आहे.

७. वाफ करणारे नोझल म्हणजे काय? ते आता वापरत नाहीत का?

पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह ज्या घरांत होता त्या घरांतील कोणालाही हे यंत्र परके नाही. स्टोव्हमध्ये रॉकेल तापलेल्या नळीतून फिरून वाफ होते आणि निपलमधून बाहेर येऊन जळते. पेटवण्यापूर्वी काकड्याने नळी तापवावी लागते. इंजिनातही तसेच. ज्वलनकक्षात वाकवलेल्या, छडीच्या मुठीसारख्या किंवा टी आकाराच्या नळ्या असतात, त्यांत इंधन आणि थोडी हवा सोडली जाते आणि बाहेरच्या ज्योतीने नळी तापून आत वाफाळलेले दाट मिश्रण तयार होते. काकड्याच्या जागी येथे सुरुवातीपुरती वेगळी लहान फवारा-नोझल आणि ठिणगी असते.

भारतात हा प्रकार वर्षानुवर्षे उडालेला आहे. किरण मार्क १ या प्रशिक्षण विमानाचे व्हायपर इंजिन आणि गोव्यातील आयएनएस हंसा तळावरून २०१६ पर्यंत उडालेल्या सी हॅरियरचे पेगॅसस इंजिन, ही दोन्ही वाफ करणाऱ्या नळ्यांची होती. कमी दाबाचा पंप चालतो आणि ज्वलन स्वच्छ होते, हे त्याचे गुण. इंधन अचानक कमी झाले तर नळीला थंडावा देणारे इंधनच उरत नाही आणि नळी जळते, हा त्याचा मोठा दोष. नव्या रचनांत म्हणूनच तो फारसा दिसत नाही.

८. चेतक हेलिकॉप्टरच्या इंजिनात नोझलच नसते, हे खरे आहे का?

मुख्य इंधनापुरते खरे आहे. चेतक आणि चीता यांच्या आर्टूस्ट इंजिनात इंधन पोकळ शाफ्टमधून येते आणि शाफ्टवरच्या फिरत्या चाकाच्या छिद्रांतून केंद्रोत्सारी बलाने भिरकावले जाते. शाफ्ट मिनिटाला ३३,००० हून अधिक फेरे घेत असल्याने पुरवठ्याचा दाब अगदी कमी असला तरी थेंब बारीक होतात, आणि इंधन सगळीकडे सारखे पडते, कारण फेकणारे चाक एकच आहे. फिरण्याचा वेग नसेल तर फवाराही नाही, म्हणून सुरू करताना दोन वेगळ्या मशाल-इग्नायटरची मदत घ्यावी लागते. मोठ्या, लांबट ज्वलनकक्षांना ही रचना जुळत नाही. लहान हेलिकॉप्टर इंजिनांत मात्र ती अतिशय टिकाऊ ठरली आहे.

९. वीज केंद्रात नैसर्गिक वायू जाळतात. वायूला फवारायचे नसते, मग तेथे नोझलचे काम काय?

तेथे काम मोजण्याचे आणि मिसळण्याचे असते. रायगड जिल्ह्यातील उरणच्या महानिर्मिती केंद्रासारख्या ठिकाणी टर्बाइन वायूवर चालते. वायूची घनता कमी असल्याने त्याच उष्णतेसाठी खूप मोठे घनफळ न्यावे लागते, म्हणून छिद्रे मोठी असतात. वायूची रचना बदलली की त्याच छिद्रातून जाणारी उष्णताही बदलते. उष्मांकाला सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागल्यावर मिळणारा ‘वोबे निर्देशांक’ त्यासाठीच पाहतात. दोन वायूंचा हा निर्देशांक सारखा असेल तर नोझल न बदलता एकाच्या जागी दुसरा वापरता येतो.

दोन इंधनांच्या नोझलमध्ये द्रवाचे आणि वायूचे मार्ग शेजारी-शेजारी असतात. टर्बाइन वायूवर चालत असताना द्रवाच्या मार्गातून हवा सतत सोडावी लागते, नाहीतर आत उरलेले इंधन भाजून तेथेच घट्ट बसते. नाफ्था हे इंधन आणखी निराळे. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचे दाभोळ केंद्र १९९९ मध्ये नाफ्थ्यावरच सुरू झाले होते. नाफ्था पातळ असतो, लवकर वाफ होतो आणि पंप व प्रवाह-विभाजक यांना लागणारे वंगण त्यातून मिळत नाही. म्हणून नाफ्थ्यावर चालणारे टर्बाइन सहसा डिझेलवर सुरू करून मग नाफ्थ्यावर नेतात, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर आणतात.

१०. ‘ड्राय लो नॉक्स’ नोझल इतके अवघड का समजले जाते?

ज्योतीचे तापमान साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हवेतीलच नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून नायट्रोजन ऑक्साइड (म्हणजेच ‘नॉक्स’) झपाट्याने वाढतात. साध्या नोझलमध्ये इंधन आणि हवा ज्योतीपाशीच भेटतात, त्यामुळे कोठेतरी दोन्ही नेमक्या प्रमाणात येऊन तापमान त्याहून खूप वर जाते. जुना उपाय नोझलमधून पाणी किंवा वाफ सोडण्याचा होता. तो परिणामकारक आहे, पण त्यासाठी अतिशुद्ध पाणी लागते, आणि तेही जवळजवळ इंधनाच्याच वजनाइतके. कोरड्या पद्धतीत नोझलच्या आतच इंधन भरपूर हवेत मिसळून, मुद्दाम विरळ मिश्रण ज्वलनकक्षात पाठवतात.

किंमत अशी मोजावी लागते की ज्योत विझण्याच्या सीमेजवळ राहते. थोडे विरळ झाले तर ती विझते. मिश्रणाचा वेग कमी पडला तर ती उलटी नोझलमध्ये शिरते आणि काही क्षणांत तोंड वितळवते. शिवाय ज्योतीची धडधड कक्षाच्या ध्वनीशी जुळली तर दाबाच्या लाटा उठतात आणि भिंतींना तडे जातात. म्हणून इंधन अनेक वाटांनी विभागून, प्रत्येक वाटेचा हिस्सा भारानुसार बदलत ठेवतात.

११. एकच नोझल थोडे तुंबले तर इतके मोठे नुकसान कसे होते?

बंद झालेल्या नोझलपेक्षा वाकडे फवारणारे नोझल अधिक घातक असते. नोझल पूर्ण बंद झाले तर त्या जागी थंड पट्टा पडतो आणि नियंत्रक एकूण प्रवाह राखत असल्याने बाकीची नोझल थोडे-थोडे जास्त इंधन देतात. तोंडावर कार्बनचा एक कण बसला मात्र, तर शंकूच्या एका बाजूला जाड धार पडते. ती धार भिंतीपर्यंत द्रवरूपातच पोहोचते, तेथे जळते आणि तिच्या मागे उष्ण पट्टा तयार होतो. तो पट्टा टर्बाइनच्या स्थिर पात्यांपैकी नेमक्या त्याच दोन-तीन पात्यांवर तासन् तास पडत राहतो. पात्यांचा धातू आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करीत असतो, त्यामुळे तेथे तापमानातील थोडी वाढही आयुष्य झपाट्याने घटवते.

विमानाच्या इंजिनात हे वैमानिकाला सहसा दिसत नाही, कारण त्याच्यासमोरचा निष्कास-तापमानाचा आकडा अनेक संवेदकांची सरासरी असतो. सरासरी जागेवर असताना एक पाते जळत असू शकते. म्हणून बोरोस्कोपने (बारीक नळीच्या दुर्बिणीने) आत पाहणे आणि ठरलेल्या तासांनी नोझल उतरवून तपासणे, ही कामे वेळापत्रकावर कधीही पुढे ढकलू नयेत असे मला मनापासून वाटते.

वीज केंद्रात प्रत्येक संवेदकाचे तापमान वेगळे दिसते आणि त्यांतील तफावतीला ‘स्प्रेड’ म्हणतात. येथे नवे कर्मचारी एक चूक हमखास करतात. ते कमी तापमान दाखवणाऱ्या संवेदकाच्या सरळ समोरचे नोझल काढतात. टर्बाइनमधून जाताना वायू फिरत जातो, त्यामुळे दोष असलेला ज्वलनकक्ष काही अंश बाजूला असतो, आणि हा कोन भारानुसार बदलतो. उत्पादकाच्या तक्त्यावरून तो कोन वजा केल्याशिवाय नोझलला हात लावू नये.

१२. नोझलवर कार्बन इंजिन चालू असताना बसतो की बंद केल्यावर?

दोन्ही वेळी, पण बंद केल्यानंतरची काही मिनिटे अधिक वाईट असतात. चालू इंजिनात वाहते इंधनच नोझल थंड ठेवते. इंजिन थांबले की इंधन जागीच उभे राहते आणि सभोवतालच्या तापलेल्या धातूची उष्णता त्यात शिरते. इंधनाला टेकलेल्या भिंतीचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की डिंकासारखा आणि मग कोळशासारखा थर जमू लागतो. त्यावर तीन उपाय आहेत. नोझलच्या दांड्याभोवती हवेची पोकळी ठेवून बाहेर कवच बसवतात. बंद करण्यापूर्वी इंजिन पुस्तिकेत सांगितलेला वेळ मंद गतीवर ठेवतात. आणि उरलेले इंधन हवेने कक्षात ढकलून जाळतात किंवा वेगळ्या टाकीत गोळा करतात.

१३. तुंबलेले छिद्र बारीक तारेने साफ केले तर चालेल का?

नाही. स्टोव्हच्या पिनची सवय येथे उपयोगाची नाही. छिद्राच्या कडेवर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडला तरी तेथून कायमची धार पडते आणि नोझल प्रश्न ११ मधील दुखणे घेऊन परत इंजिनात जाते. पुस्तिकेत नेमून दिलेले द्रावण, ध्वनिलहरींची टाकी आणि त्यानंतर चाचणी-मेज, हाच मार्ग आहे. साफ केल्यावर प्रवाह, शंकूचा कोन, धारा आणि गळती यांची नोंद प्रत्येक नोझलच्या क्रमांकासह ठेवावी.

१४. चाचणी-मेजावर फवारा उत्तम दिसतो, तरी इंजिनात दोष राहतो. असे का होते?

मेजावर बाहेर साधी हवा असते, इंजिनात मात्र कित्येक पट दाट. दाट हवेत सिम्प्लेक्सचा शंकू आत ओढला जाऊन अरुंद होतो. एअरब्लास्ट नोझलची गोष्ट आणखी वेगळी, कारण हवेचा झोत न देता नुसते इंधन सोडून पाहिले तर त्याचा खरा फवारा दिसतच नाही. अशा वेळी मेजावर मुख्यतः प्रवाह आणि गळती तपासली गेलेली असते. नोझल निर्दोष असूनही ते कक्षात तिरके बसले असेल, किंवा त्याच्याभोवतीचे हवेचे भोवरा-पाते झिजले असेल, तरी परिणाम तोच होतो.

१५. छापून केलेले नोझल म्हणजे नेमके काय?

सीएफएमच्या लीप इंजिनाच्या नोझलचे टोक धातूच्या भुकटीचे थर लेसरने वितळवून बनवतात. पूर्वी २० भाग जोडून जे करावे लागे ते येथे एका तुकड्यात होते आणि वजन २५ टक्क्यांनी घटते. माझ्या मते खरा लाभ आतील वाटांचा आहे. इंधन आणि थंडाव्याचे जे वळणदार मार्ग ड्रिलने किंवा ओतकामाने करणे शक्य नव्हते ते आता करता येतात, आणि प्रश्न १२ मधील कार्बनचा त्रास मुळातच कमी होतो.

१६. आफ्टरबर्नरमध्येही हीच नोझल असतात का?

सहसा नाही. आफ्टरबर्नर म्हणजे जादा जोरासाठी टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन जाळण्याची जागा. तेथे टर्बाइनमधून आलेला तप्त वायू वेगाने वाहत असतो, त्यामुळे आडव्या नळ्यांना पाडलेल्या साध्या छिद्रांतून इंधन सोडले तरी तो वायूच त्याचे थेंब करतो आणि वाफही. नळ्यांच्या मागे ज्योत धरून ठेवणारे व्ही आकाराचे अडसर लागतात. छिद्रे तुंबण्याचा धोका मात्र येथेही असतो, कारण आफ्टरबर्नर बंद असताना या नळ्या इंधनाविना तापत राहतात.